उष्टावणाच्या महिन्यातली पाळी: पॅड, कापड, पॅंटी की कप?

मुंबईत नोकरी करणाऱ्या बाळंतिणीला सहाव्या महिन्यात बऱ्याच गोष्टी एकदम गाठतात. 26 आठवड्यांची पगारी रजा संपते, आणि त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधीच घेतले असतील तर चौथ्या महिन्यातच संपते. बाळाचं उष्टावण होतं, मऊ भात आणि नाचणीसत्त्व सुरू होतं. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांचे 180 दिवस पुरे होतात. आणि नेमकी त्याच सुमाराला पाळी परत येते.

यातली शेवटची गोष्ट बऱ्याच जणींच्या बाबतीत पहिल्या दोहोंमुळे येते. बाळ दिवसरात्र अंगावर पीत असतं तोवर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक, वाढलेलं राहतं, मेंदूकडून बीजकोशाला जाणारे इशारे मंद होतात आणि बीज तयार होत नाही. आई दहा-बारा तास घराबाहेर राहू लागली, बाळ वाटी-चमच्यानं खाऊ लागलं, की दोन पाजण्यांमधलं अंतर वाढतं आणि बीजकोश पुन्हा कामाला लागतो. पहिल्यापासून वरचं दूध असेल तर पाळी सहा ते आठ आठवड्यांतही येते. रात्री पाजणं भरपूर चालू ठेवलं तर वर्ष उलटलं तरी येत नाही. दोन्ही ठीकच. पण पुष्कळ जणींची पहिली पाळी पुन्हा लोकल धरली त्या दिवसांतच येते, आणि लोकलच्या डब्यात संडास नसतो. म्हणून इथे प्रत्येक वस्तू एकाच कसोटीवर तपासली आहे: बाळंतपणानंतर बदललेलं शरीर आणि मुंबईतला बारा तासांचा दिवस, या दोन्हींना ती पुरते का?

कौल आधीच देतो. पहिल्या दोन पाळ्यांना चांगला लांब पॅड. तिसरीपासून जमलं तर कप, म्हणजे योनीत घालून रक्त साठवणारी सिलिकॉनची छोटी वाटी. कापडी पॅड ऑक्टोबर ते मे. आणि कपाच्या खोक्यावर ‘बाळंतपण झालं असल्यास मोठा’ असं छापलेलं असतं, त्यावर विसंबून कप घेऊ नका. या एका ओळीमुळे पुष्कळ बायकांचे पैसे वाया जातात आणि ‘कप आपल्याला होत नाही’ असं कायमचं ठरून जातं.

त्याआधी एक फरक मनात पक्का हवा. बाळंतपणानंतर लगेच अंगावरून जातं ती पाळी नव्हे. पहिले तीन-चार दिवस लालभडक, मग दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी, पुढे चार ते सहा आठवडे पिवळट-पांढरं असं ते उतरत जातं. त्या काळात गर्भाशयाच्या आत वार सुटल्याची जखम भरत असते. म्हणून सहा आठवड्यांची तपासणी होईपर्यंत योनीत कप नाही, टॅम्पॉन (आत घालायची कापसाची गुंडाळी) नाही, सिझर झालं असलं तरी नाही. टाके खोलवर, शीच्या जागेपर्यंत गेले असतील, तर सहा आठवड्यांनंतरही डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. आठ आठवडे उलटल्यावर सलग दोन दिवस रक्त गेलं तर ती पाळी धरायची, मग ते थोडं का असेना.

आता पॅड. दवाखान्याच्या यादीतून आणलेल्या मॅटर्निटी पॅडचं पाकीट अर्धं उरलेलं असतं. ते टाकू नका. त्याची लांबी आणि जाडी दिवसा नकोशी होते, पण पहिल्या पाळीच्या रात्री, बाळाला कुशीवर घेऊन पाजताना मागून डाग लागतो तेव्हा, तेच उपयोगी. दिवसासाठी एक्स्ट्रा लार्ज किंवा डबल एक्स्ट्रा लार्ज घ्या, साधारण 28 ते 32 सेंटिमीटरचा. वरचा थर कोणता हे पाकीट वळवून वाचा. जाळीदार प्लॅस्टिकचा थर कोरडा वाटतो, पण टाक्यांची जागा अजून हुळहुळत असेल तर तिथे घासतो, आणि घामाच्या दिवसांत अंधेरी-घाटकोपर मेट्रोपर्यंतच्या चालण्यातच मांड्या सोलवटतात. सुती वरच्या थराचा पॅड थोडा ओलसर वाटला तरी तो बरा. सुगंधी पॅड तर नकोच. पाजणाऱ्या बाईच्या योनीतली त्वचा इस्ट्रोजेन कमी असल्यानं कोरडी आणि नाजूक झालेली असते, तिला अत्तराची जळजळ आधी कळते. पाकिटावर आयएस 5405 हा मानक क्रमांक आहे का तेही बघून घ्या.

पैशाची ओढ असेल तर जनऔषधी केंद्रातला ‘सुविधा’ पॅड 2019 पासून एका रुपयाला एक मिळतो. पहिल्या दिवशी जास्त जात असेल तर तो दर तीन तासांनी बदलण्याची तयारी ठेवा. तिसऱ्या दिवसापासून हा पुरतो. पॅडवरचा जीएसटी जुलै 2018 मध्ये उठला, म्हणून बिलावर तो लावलेला दिसला तर दुकानदाराला विचारा.

पॅड चुकतो कुठे? बहुतेकदा चिकटवण्यात. बाळंतपणानंतर ओटीपोट सैल असतं, पॅंटी एक माप मोठी घेतलेली असते, मग कापड अंगापासून सुटून राहतं आणि पॅड कितीही चांगला असला तरी रक्त कडेनं जातं. पाळीसाठी तीन-चार पॅंट्या घट्ट बसणाऱ्या, सुती आणि गडद रंगाच्या वेगळ्या ठेवल्या की निम्मी तक्रार संपते. गाडीत उभं राहून जाणारीनं पॅड थोडा पुढे लावावा, बसून जाणारीनं मागे. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. कमोडमध्ये तर कधीच नको. जुन्या इमारतींचे उभे पाइप तुंबतात ते यामुळेच.

कापडी पॅड मऊपणात सगळ्यांत सरस. टाक्यांवर याच्याइतकं सुखाचं काही नाही. पण मुंबईत त्याचा हिशोब ऋतूवर चालतो. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा खिडकीच्या जाळीवर तो काही तासांत खडखडीत वाळतो, म्हणून सात-आठ पॅडचा संच पुरतो. जुलैत तोच पॅड घरात, पंख्याखाली, दोन-दोन दिवस ओला राहतो. आतले फ्लॅनेलचे थर वरून कोरडे लागतात आणि आत दमट असतात. तिथेच बुरशी धरते, वास येतो, खाज सुटते. पावसाळ्यात संच दुप्पट लागेल आणि प्रत्येक पॅडवर इस्त्री फिरवावी लागेल. बाळाचे लंगोट वाळत घालायलाच दोऱ्या पुरत नाहीत त्या घरात हे ओझं बाईच्या डोक्यावर टाकू नये. धुताना आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्यानं रक्तातलं प्रथिन घट्ट बसतं आणि डाग कायमचा होतो. कपडे मऊ करणारं द्रावण वापरलं की कापड रक्त शोषायचं थांबतं. पाणी सकाळी दोन तासच येत असेल तर झाकणाचा छोटा टोप भिजवण्यासाठी वेगळा ठेवा.

पाळीची पॅंटी, म्हणजे रक्त शोषणारा थर शिवलेली, एकटीनं पहिल्या दोन दिवसांना पुरत नाही. कपाच्या जोडीला, किंवा शेवटच्या दिवसांना, किंवा नुसते डाग लागत असतील तेव्हा ती छान. वाळायला तिलाही तितकाच वेळ लागतो.

आता कप. जास्त लिहायचं ते याच्याबद्दलच, कारण बारा तासांच्या दिवसाला खरं उत्तर हाच देतो आणि चुकतोही हाच. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनची ही वाटी साधारण 20 ते 30 मिलिलिटर रक्त धरते. 2019 साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये 43 अभ्यास आणि 3,319 स्त्रिया व मुलींची माहिती एकत्र करून पाहिली गेली, कपातून गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा त्याहून कमी दिसली, आणि तो अंगवळणी पडायला काही पाळ्या जातात हेही दिसलं. म्हणजे पहिल्याच पाळीत जमला नाही तर त्यात तुमची चूक नाही.

मापाचं बोलू. खोक्यावरचा तक्ता फक्त वय आणि बाळंतपण विचारतो. त्यामागची समजूत अशी की बाळ खालून आलं म्हणजे योनी सैल झाली, म्हणून रुंद कप. प्रत्यक्षात कप रुंदीवर कमी आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या उंचीवर जास्त बसतो. बाळंतपणानंतर हे तोंड अनेकींचं पूर्वीपेक्षा खाली येतं. मोठा कप रुंद तर असतोच, शिवाय लांबही असतो. तोंड खाली असेल तर त्याची दांडी बाहेर डोकावते आणि नेमकी टाक्यांच्या व्रणाला टोचते. सिझर झालेल्या बाईला हाच तक्ता ‘लहान घ्या’ सांगतो. तेही अर्धवटच, कारण नऊ महिने बाळाचं वजन तिच्याही ओटीपोटाच्या तळानं पेललेलं असतं.

तेव्हा खरेदीआधी बोटानं माप घ्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी (पाळीत तोंड आणखी खाली येतं, म्हणून मोजायचं तेव्हाच), नखं कापून, साबणानं हात धुऊन, एक पाय स्टुलावर ठेवून किंवा उकिडवं बसून मधलं बोट आत सरकवा. नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट, गुळगुळीत काही लागेल, ते गर्भाशयाचं तोंड. बाळ खालून झालं असेल तर मधे ठिपक्याऐवजी आडवी चीर जाणवते. बोट जिथवर गेलं तिथे अंगठ्यानं खूण धरा आणि पट्टीवर मोजा. 45 मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर तोंड खाली, 45 ते 55 मध्यम, त्याच्यावर उंच. दांडी सोडून कपाची लांबी या आकड्यापेक्षा कमी हवी. कंपनीच्या पानावर लांबी-रुंदीचे मिलिमीटर दिलेले नसतील तर तो कप घेऊच नका. उघडलेलं खोकं परत घेत नाहीत, म्हणून मापाची खात्री आधीच हवी.

दुसरी परीक्षा तिथेच होते. बोट आत असताना लघवी अडवल्यासारखं आकसून बघा. बोटाभोवती चांगली पकड जाणवली तर मऊ किंवा मध्यम कप चालेल, रुंदी 40 ते 43 मिलिमीटर. पकड जवळपास नाहीच, शिंकताना-खोकताना लघवी सुटते, तर लहान कप खाली घसरेल. 44 ते 46 मिलिमीटरचा, जरा घट्ट कडेचा बघा. मात्र घट्ट कप मूत्रमार्गावर दाबतो, सारखी लघवीला लागते. तसं झालं तर कप मऊ हवा. खाली ओढल्यासारखं जड वाटत असेल, अंग बाहेर आल्यासारखं हाताला लागत असेल, तर कपाचा विचार सोडा आणि आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. उतरलेलं अंग कपाच्या ओढीनं आणखी खाली येऊ शकतं.

घालताना बाळंतिणीची पहिली अडचण कोरडेपणा. घरात खोबरेल तेल हाताशी असतं, पण पाण्यात विरघळणारं जेल वापरा. तेलानं लॅटेक्सचा निरोध फाटतो आणि सिलिकॉनचं जेल सिलिकॉनच्या कपाला खराब करतं. कपाची कड एका बाजूनं आत दाबा, फुलाच्या मिटलेल्या कळीसारखं टोक होतं; नाजूक जागेला हीच घडी सगळ्यांत सोसते. माकडहाडाच्या दिशेनं, तिरका सरकवा, सरळ वर नाही. सोडल्यावर बुडाभोवती बोट फिरवून बघा: गोल, एकसारखा लागला तर उघडला, कुठे चेपलेला लागला तर तिथूनच गळणार. पूर्ण उघडूनही गळत असेल तर कारणं बहुधा तीन असतात. गर्भाशयाचं तोंड कपाच्या आत न येता बाजूला राहिलं, कडेखालची बारीक छिद्रं बुजली, किंवा तोंड इतकं खाली आहे की ते वाटीत उतरून निम्मी जागा खातं. या तिसऱ्या प्रकारात 25 मिलिलिटरच्या कपात 15च मावतं आणि बाई ‘माझं फार जातं’ असं समजून घाबरते.

काढताना दांडी ओढायची नाही. मलविसर्जनाला द्यायचा तेवढाच हलका जोर द्या, कप खाली आला की बुडाला चिमटा काढा, हवा सुटल्याची जाणीव होऊ द्या, मग डुलवत बाहेर. जोरानं कुंथू नका. टाक्यांना आणि ओटीपोटाच्या तळाला तो ताण नको आहे. दांडी टोचत असेल तर कप बाहेर काढून थोडी थोडी कापा.

ज्यांना बाळंतपणातच तांबी बसवली आहे त्यांनी इथे थांबा. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवलेल्या तांबीचा दोरा, गर्भाशय पूर्वपदावर येतं तसा, पुढच्या काही आठवड्यांत खाली लोंबतो. तो कपाच्या कडेत अडकला किंवा हवा न सोडता कप ओढला, तर तांबी सरकते, कधी निघूनही येते. सहा आठवड्यांच्या तपासणीला दोरा आखूड करून घ्या, कप वापरणार आहे हे तिथेच सांगा, आणि दर पाळीनंतर दोरा बोटाला लागतो का ते बघा. एकाएकी लांब लागला, लागलाच नाही किंवा टणक टोक लागलं, तर लगेच दवाखाना, आणि तोवर निरोध.

‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्यांनी कपावर आत्ता पैसे घालू नयेत. त्यात पाळी ठरावीक राहत नाही, कधी डाग, कधी काहीच नाही. छोटे पॅड आणि एक-दोन पाळीच्या पॅंट्या पुरतात. ‘छाया’च्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही सुरुवातीला पाळी लांबते.

ऑफिसचा दिवस असा बसवा. कप कितीही चांगला असो, 12 तासांच्या वर आत नको. सकाळी 7 वाजता घातला तर रात्री 7 पर्यंत घरी. गाड्या उशिरा धावल्या तर? म्हणून जेवणाच्या सुट्टीत एकदा रिकामा करायची सवय लावाच. संडासात आत बेसिन नसतं. आत जाण्याआधी हात धुवा, अर्धा लिटर पाण्याची बाटली सोबत न्या, कप कमोडमध्ये रिकामा करून वरून पाणी ओता आणि परत घाला. पाणी नसेल तर कागदानं पुसून घातला तरी चालतं, घरी जाऊन नीट धुवायचा. पहिल्या दोन दिवशी कपाखाली पातळ पॅड ठेवा. पहिली चाचणी रविवारी घरी करा, सोमवारच्या 8.05च्या गाडीत नव्हे.

पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप 5 मिनिटं उकळा. टोप वेगळा, पाणी भरपूर, आणि कप तळाला टेकू देऊ नका; टेकला की करपतो. उकळण्याआधी छिद्रं मोकळी करा: कपात पाणी भरून तोंडावर तळवा दाबा, छिद्रांतून धारा उडाल्या की झालं. सुई घालू नका. महापालिकेच्या नळाच्या पाण्यानं कपाला काही होत नाही. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यानं पांढरा थर बसतो, तो निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर यात भिजवून जातो. ठेवायचा कापडी पिशवीत, हवाबंद डब्यात नाही. कंपन्या 5 ते 10 वर्षं टिकेल म्हणतात. चिकटपणा आला किंवा चीर दिसली की त्याआधीच बदला.

कपाचा एक गुण खोक्यावर कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही: रक्त मोजता येतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही पाळ्या पुढेमागे होतात, कधी जास्त जातं, गाठी पडतात. आतल्या मिलिलिटरच्या खुणा बघून प्रत्येक वेळचा आकडा मोबाइलमध्ये लिहा. साधारण पाळीत एकूण 30 ते 40 मिलिलिटर जातं. 80 च्या वर गेलं तर ते जास्त, आणि लोहाच्या गोळ्या नेमक्या थांबलेल्या असताना ते सोसवत नाही. तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन तपासा. ‘खूप जातं’ यापेक्षा ‘पाच दिवसांत 110 मिलिलिटर’ हे वाक्य जास्त काम करतं. तासाला एक पॅड भरतोय आणि असं सलग दोन तास झालं, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडताहेत, ताप किंवा घाण वास आहे, तर आकडे लिहीत बसू नका, दवाखाना गाठा. कप आत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ आणि चक्कर आली तर आधी कप काढा आणि मग इस्पितळात जा. हा विषबाधेचा प्रकार दुर्मीळ आहे, पण वेळ घालवण्यासारखा नाही.

पाळीत दूध नासतं, ते बाळाला देऊ नये, हे घरात कुणी सांगितलं तर ऐकू नका. पाळीच्या आधी चार दिवस काही जणींना दूध थोडं कमी उतरतं, बाळ कुरकुरतं, स्तनाग्रं दुखतात. पाळी सुरू झाली की पूर्ववत होतं. पंपानं दूध काढून ठेवणाऱ्यांनी त्या दिवसांसाठी एक-दोन पिशव्या आधीच फ्रीझरमध्ये टाकाव्यात.

आणि पाळीची वाट बघत बसून गर्भनिरोधन लांबवू नका. बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी नाही, आणि दिवसा चार तासांपेक्षा व रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर न पडू देता फक्त अंगावरचं दूध, या तिन्ही अटी एकत्र असतील तरच पाजण्याचं संरक्षण मिळतं. ऑफिस सुरू झालं की तिसरी अट पहिल्याच दिवशी मोडते. बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणून पहिली पाळी न येताच दिवस राहू शकतात. पाजणं बंद करून तीन महिने झाले आणि तरीही पाळी नसेल, तर कपाचे पैसे बाजूला ठेवा, केमिस्टकडून गर्भचाचणीची पट्टी आणा, आणि ती नकारार्थी आली तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.